बांग होईपर्यंत

१

अंडीवालीला बांगेची गरज कधी पडली नव्हती. कोंबड्याच्या आधी ती उठायची. चहाचं आधण ठेवून, भरडीची बादली उचलून मागच्या दाराने शेडकडे जायची, आणि कडी काढल्याचा आवाज झाला की कोंबड्या दांडीवरून धपाधप खाली उतरून तिच्या पायांत घोटाळायच्या. त्यांना शिव्या घालत, पायाने बाजूला सारत भरड टाकायची हा तिचा दिवसाचा पहिला आनंद होता. गल्लीत तिला सगळे अंडीवालीच म्हणत. नवरा ट्रक चालवायचा, त्याला ड्रायव्हर म्हणत, आणि कमरेचा मणका सरकून तो घरी बसला तरी नाव काही उतरलं नाही. एकुलती लेक मोठ्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. तिघांचं घर, मागे पत्र्याची शेड, शेजारी बेकरी. हातावर पोट होतं, पण उपाशी कोणी नव्हतं.

एका सकाळी तिने कडी काढली आणि पायांत कोणी आलं नाही.

तिला वाटलं, कोंबड्या आजारल्या. मग अंधाराला डोळे सरावले आणि दिसलं की सगळ्या जाग्या आहेत. दांडीवर ओळीने बसलेल्या, डोळे उघडे, आणि माना एकाच बाजूला वळवलेल्या. तिने भरड टाकली. बादली वाजवली. एकही हलली नाही. सगळ्या वर बघत होत्या, छताखालच्या आडव्या लोखंडी नळीकडे. तिथे कोंबडा बसला होता.

तो बराच वेळ तसाच बसला. पत्र्याच्या फटीतून उजेडाची रेघ आली, भुशावर लांबली. मग त्याने मान ताणली, बांग दिली, आणि क्षणात शेडमध्ये नेहमीची झोंबाझोंबी सुरू झाली.

तिने घरात येऊन हे हसत सांगितलं. म्हणाली, कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, आपल्याकडे तांबडं फुटलं तरी कोंबड्याची परवानगी लागते. लेक हसली. ड्रायव्हर हसला नाही. "शिस्त लावलीय त्याने," तो म्हणाला, आणि चहाची बशी तोंडाला लावली.

२

या कोंबड्याला मुकादम हे नाव ड्रायव्हरनेच दिलं होतं. त्याला कोणी विकत आणलं नव्हतं. पिल्लांच्या खोक्यात सगळ्या माद्या म्हणून घेतल्या, त्यात हा एक चुकून आला. लुकडा, एका डोळ्यात फूल पडलेला. शेडमध्ये तेव्हा एक म्हातारा कोंबडा होता, तांबूस, जाडजूड, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मुकादम त्याच्यापासून दूर, पाण्याच्या भांड्यामागे वाढला.

मग मुंगूस आलं. जाळीच्या खालून माती उकरून आत शिरलं आणि सकाळी भुशावर मेलेल्या कोंबड्या पसरलेल्या होत्या. उरलेल्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर मुकादम उभा होता, छातीची पिसं रक्ताने चिकटलेली. ते रक्त कोणाचं हे कोणी पाहिलं नाही. पण ड्रायव्हरचं म्हणणं ठाम होतं की यानेच मुंगसाला हाकललं, हा नसता तर एक शिल्लक राहिली नसती. त्याने स्वतः वाकून, कंबर धरून, ती पिसं ओल्या फडक्याने पुसली. घरी बसल्यापासून त्याने कशात इतकं मन घातलं नव्हतं, म्हणून अंडीवालीला बरंच वाटलं.

म्हातारा कोंबडा त्यानंतर काही दिवसांत गेला, आणि त्याचं जाणं तिने डोळ्यांनी पाहिलं.

दुपारची वेळ होती. ती अंडी गोळा करायला गेली तर म्हातारा शेडच्या मधोमध बसलेला, पंख पसरून. त्याच्याभोवती कोंबड्या गोल करून उभ्या. एक पुढे आली, त्याच्या डोक्यावर एकदाच टोच मारली आणि पाण्याच्या भांड्याकडे गेली. मग दुसरी. तिनेही एकच टोच मारली. घाई नाही, कलकलाट नाही. नळावर बायका रांगेने पाणी भरतात तसं चाललं होतं. मुकादम वर नळीवर होता. तो खाली उतरला नाही, त्याने बघितलंसुद्धा नाही. ज्यांची टोच मारून झाली होती त्या पाणी पीत होत्या. एक पांढरी कोंबडी तेवढी पुढे गेली नाही, भिंतीशी उभी राहिली.

अंडीवाली ओरडत आत घुसली तोवर म्हाताऱ्याचं संपलं होतं. पांढरी कोंबडी तिला दुसऱ्या दिवशी सापडली, जाळीच्या दाराशी.

३

जाळीखाली तिने दगड ठेचून बसवले, सिमेंट ओतलं. मुंगसाचा माग पुन्हा कधी दिसला नाही. तरी अधूनमधून सकाळी एखादी कोंबडी त्या दाराशी पडलेली असायची, दाराकडे तोंड करून. जणू बाहेरून कोणी न्यायला येणार होतं आणि तिची तयारी करून ठेवली होती.

शेवटी तिने जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. शहाणा, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी मेलेली कोंबडी उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितलं की दाटीवाटी झाली की पक्षी एकमेकांना टोचतात, यात नवल नाही. चोची बोथट करा, थोडा उजेड कमी करा, कोंबडा वेगळा ठेवा. जाताना मात्र ते थांबले.

"एकीचं काम नाही हे, ताई. सगळ्यांनी थोडं थोडं केलंय. कोणाच्याच चोचीला फारसं रक्त लागलं नसेल."

तिने त्याच दिवशी मुकादमाला धरून घराच्या अडगळीच्या खोलीत नेलं आणि डालग्याखाली झाकलं. तो गप्प राहिला. पण शेडमधल्या कोंबड्यांनी दाणा टिपला नाही, अंडं घातलं नाही. त्या अडगळीच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भरड पाण्यात भिजून आंबली. हे किती दिवस चालू द्यायचं? अंड्यांवर घर चालत होतं. ती मनाला समजावत होती की मुकी जनावरं सवयीची गुलाम असतात, चार दिवसांत सरावतील.

चौथ्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही. ड्रायव्हरने मुकादमाला सोडलं होतं. ती भाजी घेऊन परतली तेव्हा शेडमधून बांग ऐकू आली आणि दारात नवरा उभा होता, कमरेचा पट्टा न लावता, ताठ.

तिने विचारलं, हे कोणाला विचारून केलं. तो म्हणाला की घरात कोणीतरी वेळ पाळणारं असावं. मुंगूस आलं तेव्हा तू झोपली होतीस, मीही झोपलो होतो, तो एकटा जागा होता, हे विसरू नकोस. इतक्या शांतपणे तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

४

त्यानंतर ड्रायव्हर बांग होईपर्यंत अंथरूण सोडेनासा झाला. तिने लक्ष दिलं नाही. रिकामा माणूस, पडू दे की. पण तो झोपलेला नसायचा. उताणा, डोळे उघडे, हात अंगाशी. चहाचा कप उशाशी ठेवला तर निवून साय धरायचा.

आणि बांग रोज थोडी उशिरा होत होती. आधी उजाडताना, मग ऊन जोत्यावर आल्यावर, मग ऊन चुलीपर्यंत पोचल्यावर.

एका सकाळी पाव आणायला गेली तर बेकरीचं शटर खाली. बेकरीवाला म्हणजे जगाच्या आधी उठणारा माणूस. त्याच्या भट्टीच्या उबेला गल्लीतली मांजरं येऊन बसायची. तिने शटर ठोकलं. आतून, अगदी जवळून, त्याचा आवाज आला. तो शटरला टेकूनच बसला असावा.

"वहिनी, उगाच घाई कशाला? बांग झाली की पेटवतो ना भट्टी."

ती हसली आणि वळली. गल्लीभर पाहिलं. दारं बंद, खिडक्या उघड्या. कुठे नळ वाजत नव्हता, कुणाचं मूल रडत नव्हतं. तिला सारखं वाटत होतं की आज सुट्टी असेल, आपल्याला कळलं नसेल. घरी येऊन तिने लेकीला गदागदा हलवून उठवलं, तोंड धुवायला लावलं, दुकानात पाठवलं. पोरगी भांबावलेली होती, पण गेली. बांग झाली तेव्हा ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

संध्याकाळी ती परत आली ती मान खाली घालून. बेकरीवाल्याने तिला पाहून पाठ फिरवली होती. पलीकडच्या काकूंनी, ज्यांनी तिला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्यासमोर दार लावून घेतलं. कोणी एक शब्द वाईट बोललं नव्हतं. जेवायला बसले तेव्हा ड्रायव्हरने आपलं ताट उचललं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला. लेकीवर जीव टाकणारा बाप. तिला ताप आला की ट्रक अर्ध्या वाटेतून वळवून यायचा. पोरगी भाताचं एक शीत न उचलता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी अंडीवाली तिला उठवायला गेली तेव्हा ती जागीच होती. छताकडे बघत होती.

"आई, तूपण पड ना जरा," ती ओठ न हलवता म्हणाली. "बाबा बघतायत."

अंडीवालीने मागे वळून पाहिलं. दाराच्या फटीतून, पलीकडच्या अंथरुणावरून, नवऱ्याचा डोळा इकडे लागला होता.

५

त्या दिवशी तिने मुकादमाला मारलं.

ऊन चांगलं वर आलं होतं. बांग अजून झाली नव्हती. ती शेडमध्ये गेली, स्टूल ठेवलं, वर चढली. कोंबड्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो चोच मारेल, पायाचे काटे रोवेल, नळीवर पळेल. हाताला तिने पोत्याचा तुकडा गुंडाळला होता. त्याची काही गरज लागली नाही. तिने त्याला धरलं आणि तो हातात आला.

हातात जवळजवळ काहीच आलं नाही. पिसांचा एक फुगवटा, आणि आत बोटं रुतवली तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं. पोट पाठीला लागलेलं. चांगल्या डोळ्यातही आता फूल पडलं होतं. त्याला कितपत दिसत होतं कोण जाणे. कित्येक दिवसांत तो त्या नळीवरून उतरला नसावा, कारण उतरला तर पुन्हा चढता आलं नसतं. तिला त्याची कीव आली. तिने डोळे मिटून मान पिरगाळली.

खाली एकही पंख फडफडला नाही. ती स्टुलावरून उतरली तशा कोंबड्या दोन्ही बाजूंना सरकल्या, तिला दारापर्यंत वाट करून दिली.

शेडमागे खड्डा करून तिने त्याला पुरलं, वर दगड ठेवला, हात धुतले. मग घरात जाऊन मोठ्याने सांगितलं की मेला तो, मी मारला, उठा आता. लेकीने डोळे मिटून घेतले. ड्रायव्हर म्हणाला, "हळू बोल."

६

तो दिवस तसाच गेला, आणि दुसराही.

कोणी उठलं नाही. तिने लेकीला बखोटीला धरून बसती केली तर ती कापडासारखी घसरून पुन्हा आडवी झाली. ओठांना पाण्याचा पेला लावला, पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. तिने चमच्याने पाजलं, नाक दाबून पाजलं, शेवटी रागाने एक थोबाडीतही मारली आणि मग तिलाच पोटाशी धरून रडली. पोरीचा श्वास चालू होता. ओठांना भेगा पडल्या होत्या. डोळे मधूनच आईकडे यायचे आणि दाराकडे जायचे, दाराआड बाप होता तिकडे. खिडकीतून पलीकडच्या काकूंचा हात दिसत होता, पलंगावरून लोंबणारा, माशा बसलेला. शेडमध्ये कोंबड्या रिकाम्या नळीकडे बघत एकेक करून दांडीवरून पडत होत्या.

ती मोठ्या रस्त्याला धावली. तिथे जग नेहमीसारखं होतं: गाड्या, हॉर्न, फळांचे ढीग. तिने माणसांच्या डॉक्टरांना हाताला धरून ओढत आणलं. त्यांनी लेकीची नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, म्हणाले धक्का बसलाय, सलाईन लावू, नाहीतर दवाखान्यात हलवू. सुई खुपसताच लेकीने दुसऱ्या हाताने ती उपसून टाकली. तेवढी ताकद होती तिच्यात. डॉक्टरांनी नवऱ्याला पाहिलं, बराच वेळ पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले की गाडी पाठवतो. अंडीवालीच्या जिवात जीव आला.

दारात त्यांनी चपला घातल्या आणि तसेच उभे राहिले. घड्याळ पाहिलं. मग शेडकडे पाहिलं.

"अजून झाली नाही ना?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

ते पायरीवर बसले. बॅग मांडीवर घेऊन, शहाण्या मुलासारखे. तिने हलवलं तरी उठले नाहीत.

७

त्यानंतर तिने जे केलं ते विचार करून केलं असं म्हणता येत नाही. लेकीचा श्वास खरखरू लागला होता. ती शेडमध्ये गेली, स्टुलावर चढली, दोन्ही हातांनी ती लोखंडी नळी धरली आणि ओरडली.

पहिला आवाज बाईचा होता, फाटलेला. कोंबड्यांनी तिच्याकडे पाहिलं, एवढंच. दुसऱ्यांदा लाज वाटली, आपण वेड्या झालो असं वाटलं. तिसऱ्यांदा तिला लेकीचे ओठ आठवले आणि घशातून काहीतरी निघालं जे तिने कधी ऐकलं नव्हतं, ना माणसाचं, ना पाखराचं. ते पत्र्याला आपटून गल्लीत गेलं.

खाली धपाधप उड्या पडल्या. कोंबड्या भांड्यावर तुटून पडल्या. घरात नळ सुटला. कपबशा वाजल्या. लांबवर बेकरीचं शटर करकरत वर गेलं आणि कुठलंतरी मूल रडायला लागलं. स्टुलावर उभ्या उभ्या तिला हुंदका फुटला.

घरात आली तर लेक माठापाशी उभी राहून घटाघटा पाणी पीत होती. एक तांब्या संपवून तिने दुसरा बुडवला आणि तो तोंडाशी नेता नेता थांबली. आईकडे बघत थांबली.

"घेऊ?" तिने विचारलं.

डॉक्टर बॅग उचलून निघून गेले होते. ड्रायव्हरने अंडीवालीसाठी पाट मांडला होता. तो तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

८

तिने ठरवलं की हे थोडे दिवसच. रोज वेळेवर, अगदी पहाटेच बांग द्यायची, पुढे हळूहळू आवाज लहान करत न्यायचा आणि एक दिवस सोडून द्यायची. माणसं आहेत, सरावतील. पहाटे ती शेडमध्ये जाई, नळी धरी. गल्ली चालू राहिली. पाव येऊ लागला. काकू वाटेत भेटल्या की भिंतीला चिकटून तिला पुढे जाऊ देत. आवाज लहान करायचं तिच्याकडून राहून जात होतं. एकदा केला तर पलीकडची दोन घरं उठली नव्हती.

मग एका सकाळी तिचा घसा बसला.

स्टुलावर उभी राहिली आणि तोंडातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, घशात काच फिरल्यासारखं झालं. खाली कोंबड्या माना वर करून बघत होत्या. ती उतरली तेव्हा त्यांनी वाट दिली, पण जरा सावकाश दिली. शेवटची तर बाजूला सरकलीच नाही. तिलाच वळसा घालावा लागला.

चुलीवर तिने मिठाचं पाणी ठेवलं. मागे पाऊल वाजलं. लेक होती. केस विंचरलेले, खांद्याला पिशवी, पायांत चपला. बांग झाली नव्हती आणि पोरगी उठली होती, आपली आपण.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला जाग आली. वाटलं, जावं. जाऊ मी?"

किती दिवस अंडीवालीने याच क्षणासाठी जिवाचं रान केलं होतं. तिने लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कातडी गार होती, ताजी. मग खिडकीतून तिला बेकरीचं शटर दिसलं. खाली ओढलेलं, पण पुरतं नाही. खालच्या फटीतून बोटं बाहेर आली होती, धरून राहिलेली. काकूंच्या दाराला फट होती. पलीकडच्या घरांनाही. आतल्या खोलीत नवऱ्याचा पलंग करकरला आणि थांबला.

सगळे ऐकत होते. पोरगी या दारातून बाहेर पडली तर ती काय करतेय ते सगळ्यांना कळणार होतं, आणि आपल्या घशात आवाज उरला नाही हेही. आधी तिला टोचतील की मला? असा विचार तिच्या मनात आला. लेकीला वाचवायचं, एवढंच, असं तिने स्वतःला बजावलं. त्याच्या खाली आणखीही काही होतं, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

"झोप जा," ती कुजबुजली. "अजून झाली नाही."

लेकीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पिशवी खुंटीला लावली, चपला काढून जोडीने ठेवल्या, आत जाऊन उताणी पडली, हात अंगाशी घेऊन.

ऊन चुलीपर्यंत आलं. अंडीवाली पाण्याच्या गुळण्या करत बसली होती, हळू हळू, आवाज न करता.